पाचवा पर्याय

फोरमन निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि तेवढ्या अवधीत घरातली एकही वस्तू त्यांच्या तपासणीतून सुटली नव्हती. कपाटाच्या बिजागऱ्या, नळाचे वायसर, दाराची बेल, शेजाऱ्यांच्या दाराची बेल. एकतीस वर्षं त्यांनी शहरातल्या लिफ्ट सांभाळल्या होत्या, शेवटची चौदा फोरमन म्हणून. घरात बायकोसुद्धा चारचौघांत त्यांना फोरमनच म्हणायची. त्यात थोडी थट्टा असे, पण ती त्यांच्या लक्षात येत नसे. त्यांना स्वतःचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवून ठेवला नव्हता. एकतीस वर्षांत आपल्या हातून तपासणीची एकही नोंद चुकली नाही, हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने चहा संपायच्या आत ऐकलेलं असे.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे सून. हा मात्र त्यांनी तिच्यासमोर कधी बोलून दाखवला नव्हता. सून शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेत होती. एकदा नमुन्याचा आकडा तिला पटला नाही म्हणून तिने अर्ध्या शहराचं पाणी चार तास थांबवायला लावलं होतं. साहेब तिच्यावर खेकसले, फोनवर फोन आले, ही आपल्या जागेवरून हलली नाही, आणि शेवटी तीच बरोबर ठरली. ही गोष्ट फोरमननी अकरा इमारतींच्या लिफ्टमनना सांगितली होती. काहींना दोनदा.

त्या सुनेला आता पुढे शिकायचं होतं. दूरच्या एका विद्यापीठात पाण्यावरचाच दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. तिचं काम तिथल्या प्राध्यापकांना आवडलं होतं. अडलं होतं प्रवेश परीक्षेपाशी. गणिताच्या भागात तिला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले आणि शब्दांच्या भागात, ज्याला सगळे व्हर्बल म्हणतात त्यात, एकशे अठ्ठेचाळीस. विद्यापीठाला एकशे छप्पन हवे होते. तेवढे आले तर प्राध्यापक तिच्याशी एकदा स्वतः बोलणार आणि मग ठरवणार. मुदत संपायच्या आत परीक्षा आणखी एकदाच देता येणार होती, अकरा आठवड्यांनी. शिवाय ऑफिसने दोन वर्षांची रजा याच वर्षापुरती मंजूर केली होती. यंदा हुकलं की ती रजा रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळणार होती.

मुलगा जहाजावर इंजिनिअर होता. सून त्याला फोनवर सांगत होती, "जाऊ दे रे. शब्दांचं आणि माझं काही जमत नाही. पाणी इथेही आहे, तपासत राहीन." तिचा आवाज अगदी साधा होता. फोरमन स्वयंपाकघराच्या दाराची मूठ आवळत होते. मूठ मुळात सैल नव्हती.

तिने फोन ठेवल्याबरोबर ते म्हणाले, "तुला शिकवणी लावू. माणूस मी शोधतो. कामाला योग्य माणूस शोधणं हे मी जन्मभर केलंय."

सून नको म्हणाली. तिच्या सासूबाईंनी पण सांगून पाहिलं, की अहो, तुमचं इंग्रजी म्हणजे डेंजर आणि कॉशन, तुम्ही इंग्रजीचा मास्तर काय पारखणार. फोरमननी तिकडे कानाडोळा केला. त्यांनी चाळीसच्या वर मेकॅनिक नेमले होते आणि प्रमाणपत्र कुणाचंच पाहिलं नव्हतं. उमेदवाराला ते थेट गच्चीवरच्या मशीन रूममध्ये नेत, पॅनेल उघडत आणि म्हणत, सांग काय बिघडलंय. उत्तरापेक्षा त्याचे हात बघत. जो आधी मेन स्विच बंद करी तो कामाचा. हीच पद्धत मास्तरांना लावायची, हे त्यांनी रात्रीचं जेवण संपायच्या आत ठरवून टाकलं.

त्यासाठी एक प्रश्न हवा होता. सुनेच्या जाडजूड पुस्तकात शेकडो होते. मागची उत्तरांची पानं तिने स्वतःच स्टेपल मारून बंद केली होती, मोह नको म्हणून. ते सील तोडायचं फोरमनच्या मनातही आलं नाही. उत्तर शेवटी तिच्याकडूनच ताडून घ्यायचं, तोवर कोण कसं वाचतो ते बघायचं, असा त्यांचा बेत होता. त्यांनी मधलाच एक प्रश्न निवडला. उतारा जुन्या दगडी पुलांबद्दल होता, आणि यंत्रांशी नाही तरी बांधकामाशी त्याचा संबंध होता, एवढ्यावर तो त्यांना आवडला.

कागद म्हणून त्यांनी आपल्या जुन्या तपासणी फॉर्मचा गठ्ठा काढला. निवृत्तीच्या दिवशी साहेबांना विचारून त्यांनी तो घरी आणला होता. वर शेरा लिहायची मोठी जागा, खाली चार रकाने: ब्रेक, दोर, दरवाजे, बेल. मोठ्या जागेत त्यांनी उतारा उतरवला, सगळा कॅपिटल अक्षरांत, कारण यंत्रावर लिहितात ते कॅपिटलमध्येच. खाली ब्रेकपुढे पहिला पर्याय, दोरापुढे दुसरा, दरवाज्यांपुढे तिसरा, बेलपुढे चौथा. पान बरोबर भरलं. पुस्तकातलंही पान तिथेच संपत होतं. फॉर्म भरला की काम पुरं, हे एकतीस वर्षं त्यांच्या बोटांत मुरलेलं होतं. त्यांनी तारीख टाकली, सही केली आणि वर दोन झेरॉक्स काढून आणल्या.

सुनेला त्यांनी बजावलं की माझा कागद तू बघायचा नाहीस, नाहीतर परीक्षा तुझी राहील आणि त्यांची बाजूला पडेल. तिला हसू आलं, पण तिने शब्द पाळला. तशीही तिची त्या आठवड्यात दुपारपाळी होती.

पहिला मान मोठ्या क्लासला मिळाला. काचेचं ऑफिस, भिंतीवर हसऱ्या मुलामुलींचे फोटो आणि फोटोंखाली आकडे. तिथल्या तरुण सरांनी फॉर्म हातात घेतला, घड्याळाकडे पाहिलं आणि फोरमनचा श्वास पुरा व्हायच्या आत तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. मग कारणंही दिली, भराभर, बोटांवर मोजत. फोरमन दिपून गेले. पण मशीन रूममध्ये जो फार लवकर बोलतो त्याच्यावर नजर ठेवावी लागते, तेव्हा त्यांनी मनात एक खूण केली आणि बाहेर पडले.

त्यानंतर एक निवृत्त प्राध्यापक झाले. त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसण्याआधी पुस्तकं उचलावी लागत होती. प्राध्यापकांनी उतारा मोठ्याने वाचला, सुंदर वाचला. दगडाच्या जातीवर, जुन्या गवंड्यांवर, चुन्याच्या दर्ज्यावर ते पाऊण तास बोलले आणि अखेर पहिला पर्याय निवडला. फोरमनना ते सगळं इतकं पटलं की घरी येऊन त्यांनी बायकोला चुन्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही मास्तर शोधताय की घर बांधताय? तिसरा होता याच परीक्षेत भलताच मोठा आकडा मिळवलेला एक मुलगा. त्याने फॉर्मचा फोटो मागवला आणि फोनवरून कळवलं, तिसरा, यात काय एवढं.

म्हणजे दोन मतं तिसऱ्याला, एक पहिल्याला. पद्धत झकास चालली होती. तिघांपैकी निदान एक तरी चुकला होता आणि आपण त्याला पकडलं होतं, या विचाराने फोरमनची कॉलर ताठ झाली.

चौथं नाव कळलं कोर्टाच्या इमारतीत. तिथल्या लिफ्ट त्यांनी बारा वर्षं पाहिल्या होत्या आणि अजूनही तिकडून जाताना ते कान देऊन दोरांचा आवाज ऐकत. जुना लिफ्टमन म्हणाला, कोर्टात बावीस वर्षं दुभाषी होत्या त्या बाई शिकवतात. साक्षीदार एका भाषेत बोलणार आणि न्यायाधीशांना दुसरी हवी, मध्ये या उभ्या. आता बहिणीच्या लाँड्रीमागे एक खोली आहे त्यांची. विद्यार्थी फार नाहीत. लोकांना त्या तुसड्या वाटतात.

लाँड्रीत पुढे बहीण इस्त्री करत होती. तारेवर प्लास्टिक घातलेले कोट आणि शर्ट टांगले होते, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. ते कपडे बाजूला सारत फोरमन मागे गेले. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक जाडा शब्दकोश. फोटो नाहीत, आकडे नाहीत. दुभाषीबाई साठीच्या घरातल्या, केस बारीक कापलेल्या. त्यांनी फॉर्म घेतला आणि वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. फोरमन त्यांच्या हातांकडे बघत होते. हातांनी काहीच केलं नाही, कागद फक्त परत टेबलावर ठेवला.

"यात उत्तर नाही," त्या म्हणाल्या.

फोरमनना वाटलं, बाईंना प्रश्न कळलेला नाही. त्यांनी चारही रकाने बोटाने दाखवले.

"वाचलेत मी," बाई म्हणाल्या. "उताऱ्यात म्हटलंय की जुने पूल जास्त टिकले. का टिकले ते म्हटलेलं नाही. तुमचे चारही पर्याय कारणं सांगतात. एक दगड म्हणतो, एक चुना, एक वजन आणि एक हवा. हे लिहिणारा म्हणालेलाच नाही. पाचवा पर्याय असणार. तो तुम्ही उतरवलेला नाही."

"मी एकतीस वर्षं नोंदी केल्यात," फोरमन म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "एक चुकलेली नाही."

"नसेल. तरी यात उत्तर नाही."

अंदाजाने तरी एक सांगा, असं ते म्हणाले, तेव्हा बाईंनी नाही म्हणून मान हलवली. अंदाजाने त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी अंदाजाने एक शब्द टाकला असता तर एखादा माणूस सहा वर्षं तुरुंगात गेला असता, आणि तो शब्द साक्षीदाराचा नसता, त्यांचा स्वतःचा असता. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की नरमला नाही. फोरमन फॉर्म घेऊन उठले आणि रस्त्यात खिशातल्या यादीवर त्यांनी बाईंचं नाव दोनदा खोडलं. लिफ्टमन बरोबर बोलला होता, बाई तुसड्याच होत्या. आणि वर हट्टी. येत नाही ते येत नाही म्हणायला काय झालं होतं?

क्लासच नक्की करायचा, असं ठरवून ते घरी आले. सून पाळीवर होती, सासूबाई पलंगावर पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होत्या. फोरमननी सहज, केवळ बाईंना मनातल्या मनात तोंडावर पाडायला म्हणून, सुनेचं पुस्तक उघडलं. पुलांचं पान काढलं. चार पर्याय होते, अगदी त्यांनी उतरवले तसेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बघा, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि पान उलटलं.

पुढच्या पानावर सगळ्यात वर एकच ओळ होती. तिच्याआधी ई हे अक्षर. त्यांनी ती बोट ठेवून वाचली, शब्दकोश काढून वाचली. जुने पूल जास्त टिकले आहेत, परंतु त्याचं कारण अजून निश्चित झालेलं नाही.

अंधारात जिना संपलाय असं वाटावं आणि आणखी एक पायरी निघावी, तसं त्यांना झालं. कुणाला काही कळलेलं नव्हतं. बाई सांगायला येणार नव्हत्या. सुनेला क्लास लावला असता आणि फॉर्म फाडला असता, तर एकतीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती. त्यांनी हा विचार केला. प्रामाणिकपणे सांगायचं तर तो बराच वेळ केला. मग त्यांच्या डोळ्यांसमोर तो तरुण सर आला, तीन नंबरवर बोट ठेवणारा, आणि त्याच्यासमोर वही उघडून बसलेली आपली सून. तिने उरलेले दहा आठवडे घालवायचे, एकशे छप्पनपुढे हात टेकायचे, कशासाठी? तर आपल्या सासऱ्याची ओळ राहून गेली, हे कुणाला कळू नये यासाठी.

त्यांच्या खात्यात नियम होता की चुकीची नोंद खोडायची नाही. तिच्याखाली लाल शाईने खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. पोरांकडून त्यांनी तो नियम कडक पाळून घेतला होता. स्वतःवर ती वेळ आली नव्हती, त्यामुळे घरात लाल पेनसुद्धा नव्हतं. ते कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले. फॉर्मच्या तळाशी, बेलच्या रकान्याखाली, त्यांनी लाल शाईने लिहिलं की पाचवा पर्याय लिहायचा राहिला. सही केली.

आधी त्यांनी घरी सांगितलं. सून जेवायला बसली होती. तिने फॉर्म बघितला, स्टेपल काढून मागचं उत्तर बघितलं, ते ई होतं. ती हसेल, अशी त्यांची तयारी होती. ती हसली नाही. "बाबा, या बाई कुठे राहतात?" एवढंच तिने विचारलं. सासूबाई मात्र म्हणाल्या की बरं झालं, आता पाहुण्यांना चहाबरोबर नवीन काहीतरी ऐकायला मिळेल.

दुसऱ्या दिवशी फोरमन सुनेला घेऊन लाँड्रीत गेले आणि फॉर्म टेबलावर ठेवला. दुभाषीबाईंनी लाल ओळ वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर विजय दिसला असता तर फोरमनना सोपं गेलं असतं. पण त्या फक्त म्हणाल्या, "बसा." मग सुनेकडे वळल्या. आकडा किती येईल ते मी सांगणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. शिकायचंय तुम्हाला की यांना, असंही विचारलं. मला, असं सून म्हणाली. मग यांनी बाहेर बसावं, असं बाईंचं म्हणणं पडलं, आणि चाळीस मेकॅनिक नेमलेला माणूस निमूटपणे कोटांच्या रांगेत एका स्टुलावर जाऊन बसला.

दाराच्या पडद्याआडून त्यांना सगळं ऐकू येत होतं. बाईंनी एक उतारा दिला. एका तळ्याकाठी कारखाना सुरू झाला आणि दोन वर्षांत तळ्यातले मासे मेले. वाचा आणि मला आपल्या भाषेत सांगा, असं बाईंनी सांगितलं. सुनेने सांगितलं की कारखान्याचं सांडपाणी तळ्यात गेलं, प्राणवायू कमी झाला आणि मासे मेले.

"सांडपाणी कुठे लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

सून थांबली. "लिहिलेलं नाही. पण तसंच होतं ते. मी रोज बघते."

"असेल. तुम्हाला पाण्यातलं कळतं, लिहिणाऱ्याला कदाचित कळत नसेल. पण साक्षीदाराला दुरुस्त करायचं नसतं. तो काय म्हणाला तेवढंच सांगायचं. जास्त नाही, कमी नाही. तुमचे आकडे इंग्रजीमुळे गेलेले नाहीत. तुम्हाला फार येतं म्हणून गेलेत."

बाहेर फोरमनना आपल्या सुनेचा चेहरा दिसत नव्हता, तरी तिचे कान कसे झाले असतील ते त्यांना नेमकं माहीत होतं. तिच्यासाठी त्यांना वाईट वाटलं आणि त्याच वेळी एवढा आनंद झाला की त्यांनी समोरच्या कुणाच्या तरी कोटाची बाही धरून ठेवली. दोष सापडला होता. दोष सापडला की अर्धं काम झालं.

दहा आठवडे सून कामावरून थेट लाँड्रीत जात होती. घरी सरावाला फोरमन बसत. तिने उतारा वाचायचा, आपल्या भाषेत सांगायचा, आणि त्यांनी पुस्तकावर बोट ठेवून शब्द शब्द ताडत विचारायचं, कुठे लिहिलंय? सुरुवातीला दर उताऱ्याला ती पाच-सहा ठिकाणी अडखळे. चिडायचीसुद्धा. एकदा पेन्सिल मोडली. एकदा तर म्हणाली की हा लेखक गाढव आहे, आणि फोरमन म्हणाले की असू दे, गाढव काय म्हणाला ते सांग. हळूहळू अडखळणं दोनवर आलं, मग एखाद्या उताऱ्यात एकही नाही. फोरमनचं इंग्रजीही या धबडग्यात डेंजर आणि कॉशनच्या पुष्कळ पुढे सरकलं. वाईट एवढंच की ती सवय त्यांना ताटावरही लागली. सासूबाई म्हणाल्या की मीठ कमी पडलंय वाटतं, तर हे विचारणार, वाटतं की पडलंय?

परीक्षा झाली आणि एकशे एकोणसाठ आले.

फोरमन परीक्षा केंद्राच्या खाली उभे होते. त्यांनी कागदावरचा आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला दाखवला. दुभाषीबाईंना सांगायला दोघं गेले तेव्हा बाईंनी फक्त वेळ पुरला का ते विचारलं. पुरला म्हटल्यावर त्यांनी शब्दकोश मिटला आणि बहिणीला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. बहीण नंतर म्हणाली की ताईने याआधी कुणा विद्यार्थ्यासाठी चहा टाकायला सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं.

पण आकडा म्हणजे प्रवेश नव्हता. प्राध्यापकांशी बोलणं बाकी होतं. ते ठरलं रविवारी सकाळी, सुनेच्या खोलीत, लॅपटॉपवर. आदल्या दिवशी घरात सगळे सल्ले देऊन झाले. मुलाने जहाजावरून कळवलं की हसतमुख राहा. सासूबाई म्हणाल्या की गप्प मात्र बसू नकोस, गप्प बसलं की लोकांना वाटतं काही येत नाही. आणि फोरमनसुद्धा, इतकं सगळं होऊन गेल्यावरही, म्हणाले की पाण्याचं विचारलं तर बिचकू नकोस, ठणकावून सांग, त्यात तुझा हात धरणारं कोण आहे?

सकाळी ती दार लोटून आत बसली. फोरमन आणि सासूबाई स्वयंपाकघरात, भिंतीला कान लावायचा नाही असं ठरवून, भिंतीला लागून बसले. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. काय चाललंय, असं त्या दर मिनिटाला विचारत होत्या आणि फोरमन दबक्या आवाजात सांगत होते. कामाबद्दल विचारलं. तिने सांगितलं. त्या चार तास पाणी थांबवल्याबद्दल विचारलं. तिने तेही सांगितलं, अगदी थोडक्यात, फोरमन सांगत त्याच्या निम्म्यानेसुद्धा नाही.

मग प्राध्यापक बराच वेळ बोलले. फोरमननी डोळे मिटून ऐकलं. "त्यांच्याकडचं एक केंद्र आहे," ते बायकोला म्हणाले. "सहा आठवड्यांचे आकडे तिला दाखवतायत. तिसऱ्या आठवड्यात पाणी एकदम बिघडलं. ते कशामुळे, असं विचारतायत."

आत शांतता झाली. फोरमनना ती शांतता सोसेना. बोल, ते मनात म्हणत होते, तुला शंभर कारणं माहीत आहेत, त्यातलं एक बोल. मग सून बोलली. तीनच शब्द, आणि ते फोरमनना पहिल्याच फटक्यात कळले.

"काय म्हणाली?" सासूबाईंनी विचारलं.

क्षणभर त्यांच्या जिभेवर आलं की सांगावं, विचार करतेय म्हणून. पण ते तसं म्हणाले नाहीत.

"मला माहीत नाही, असं म्हणाली."

"गेलं मग," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. फोरमन मात्र ऐकत राहिले, कारण सून अजून बोलत होती, न अडखळता, पाणी थांबवताना साहेबांपुढे बोलली असेल त्याच आवाजात.

"तुम्ही दाखवलेल्या आकड्यांवरून ते कुणालाच सांगता येणार नाही, असं म्हणतेय. पाणी आधी कुठून घेत होते आणि तिसऱ्या आठवड्यात कुठून घेतलं, ते यात नाही. माझा एक अंदाज आहे, पण तो अंदाज आहे, उत्तर नाही. ती माहिती मिळाली तर मी शोधून काढीन, असं म्हणतेय."

सासूबाईंनी फोरमनचा दंड धरला होता. मग प्राध्यापक बोलले, चार-पाच वाक्यं, आणि शेवटी हसले. फोरमननी शब्द न् शब्द ऐकला.

"अहो," सासूबाई म्हणाल्या. "काय म्हणाले ते?"

फोरमनना खूप काही सांगायचं होतं. अशी सून कुणाला मिळत नाही, हे सांगायचं होतं. आपण एकतीस वर्षं ज्याचा डंका पिटला ते हिच्या त्या तीन शब्दांपुढे काहीच नाही, हेही. पण यातलं काही प्राध्यापक म्हणाले नव्हते.

"आम्हालाही अजून माहीत नाही, असं म्हणाले. सहा महिने शोधतायत. तुम्ही कधी येताय, असं विचारलं." त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "एवढंच म्हणाले."